जुन्या मोटारींची तेलगळती आणि टॅपेट कव्हरचे पॅकिंग

व्यापारी संस्थेच्या स्मरणिकेत बाजाराची तेजी-मंदी, करांचा बोजा, मंडीची व्यवस्था आणि समाजातील शिक्षणप्रसार या विषयांवर लेख यावेत हे योग्यच होय. अशा लेखांच्या पंक्तीत मोटारीच्या इंजिनावरील एका पत्र्याच्या झाकणाविषयी, आणि त्या झाकणाखाली बसणाऱ्या करंगळीएवढ्या रुंद पट्टीविषयी कोणी चार पाने लिहावीत, याचे सभासद बंधूंस किंचित आश्चर्य वाटेल. तथापि ज्या गोष्टीत आपणांपैकी अनेकांचा पैसा दरवर्षी थेंबाथेंबाने वाहून जात आहे आणि जिच्यापायी घरच्या जुन्या चांगल्या मोटारी अकारण भंगारात निघत आहेत, ती गोष्ट क्षुल्लक समजून सोडून द्यावी असे आम्हांस वाटत नाही.

आम्ही यंत्रविद्येचे पंडित नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि उभे आयुष्य गेले ते गहू, हरभरा व सोयाबीन यांच्या पोत्यांत. परंतु धान्याच्या व्यापाऱ्यास फिरतीवाचून गत्यंतर नसते. निमाडातील खेडी, खानदेशातील अडती आणि इंदूरची मंडी यांच्यामध्ये आमच्या पेढीच्या ॲम्बेसेडर मोटारीने तीस वर्षांहून अधिक काळ येरझारा घातल्या. भेरूघाट, मानपूरचा घाट आणि सेंधव्याजवळचा बिजासन घाट यांनी तिच्या इंजिनाची आणि आमच्या सहनशक्तीची वेळोवेळी परीक्षा पाहिली. या काळात अनेक मिस्त्रींच्या हाताखाली उभे राहून जे पाहिले, विचारले व समजून घेतले, त्याच्या आधारावर हे लिहीत आहोत.

प्रथम वस्तू कोणती ते स्पष्ट करावे. इंजिनाच्या डोक्यावर जे लांबट झाकण असते त्यास आपल्याकडे टॅपेट कव्हर म्हणतात. त्याच्या आत रॉकर आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा अखंड उसळत असतात व त्यांच्यावर गरम तेलाचा शिडकाव चालू असतो. ते तेल बाहेर येऊ नये आणि बाहेरची धूळ आत जाऊ नये, यासाठी झाकण व हेड यांच्या सांध्यात जी पट्टी बसवितात तिला पुस्तकी भाषेत गॅस्केट आणि बाजारात पॅकिंग म्हणतात. या ठिकाणी तेलाचा दाब फारसा नसतो. हेड गॅस्केटप्रमाणे येथे स्फोटाचा जोर अडवायचा नसतो. केवळ उडणारे व ओघळणारे तेल आत ठेवायचे असते. काम इतके सोपे असूनही जुन्या गाड्यांतील सर्वाधिक परिचित गळती याच सांध्याची असते.

आपल्या भागात ज्या जुन्या मोटारी आजही जपलेल्या दिसतात त्यांत ॲम्बेसेडर, फियाट अथवा पद्मिनी, जीप आणि अलीकडे जुन्यांत जमा झालेली मारुती ८०० या मुख्य होत. ॲम्बेसेडरचे पहिले इंजिन साईड व्हॉल्व्हचे होते. पुढे लवकरच ब्रिटिश मोटार कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज कुळातील १४८९ घनसेंटिमीटरचे ओव्हरहेड व्हॉल्व्हचे इंजिन तिच्यात आले आणि तेच दीर्घकाळ टिकले. या इंजिनास वरचे एक झाकण तर आहेच, शिवाय मॅनिफोल्डच्या खाली ब्लॉकच्या कुशीत दोन लहान झाकणे असून त्यांखालीही पॅकिंगच असते. वरचे पॅकिंग नवे घालून गळती थांबली नाही म्हणून हताश होणाऱ्या पुष्कळ मालकांस ही खालची दोन झाकणे ठाऊकच नसतात. जीपच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह डोक्यात व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्यामुळे तेथेही वर एक व कुशीला एक अशी झाकणे आहेत.

इंदूरकरांस या विषयाचा एक खास आपलेपणाही आहे. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या डुसेनबर्ग मोटारीची ख्याती मोटारशौकिनांत आजही जगभर आहे. आठ सिलेंडर, दोन कॅमशाफ्ट आणि बत्तीस व्हॉल्व्ह यांचे ते इंजिन होते. पुढील काळात आपल्या शेजारी पीथमपूर येथे हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात जपानच्या इसुझू कंपनीच्या नमुन्याची इंजिने बनू लागली व ती १९९० नंतरच्या दशकात ॲम्बेसेडरमध्येही बसविली गेली. राजाची मोटार असो वा पेढीची, इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाचा सांधा तेलाला अडविण्याइतका बसलाच पाहिजे, हा नियम दोघांस समान आहे.

आता गळतीचा हिशेब मांडू, कारण व्यापाऱ्यास हिशेबाइतकी दुसरी भाषा लवकर कळत नाही. इंजिन चालू असताना दर दहा सेकंदांस एकच थेंब पडतो असे धरा. तासाचे ३६० थेंब झाले. वीस थेंबांचा एक मिलिलिटर मानल्यास तासाला १८ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ५५ तासांच्या चालीत एक लिटर तेल गेले. ताशी ३५ किलोमीटरच्या सरासरीने हे अंतर १,९०० किलोमीटरच्या आसपास होते. ज्या इंजिनात एकूण तेलच सुमारे चार लिटर मावते, त्याचा चौथा हिस्सा इंदूरहून मुंबईच्या दीड-पावणेदोन फेऱ्यांत रस्त्यावर सांडला! तेलाची किंमत एकवेळ सोडून द्या. पण मालकाने डिपस्टिक पाहण्यात आळस केला तर पुढचा खर्च तेलाचा राहत नाही, बेअरिंग आणि क्रँकशाफ्टचा होतो.

यापेक्षाही गंभीर बाब आगीची आहे. ॲम्बेसेडरच्या त्या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड झाकणाच्या एका अंगास खाली आहे. झाकणाच्या कडेने ओघळलेले तेल थेट त्यावर पडते. सामान्य इंजिन ऑईल २०० अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि घाट चढताना मॅनिफोल्ड याहून पुष्कळ अधिक तापते. बहुतेक वेळा केवळ धूर व जळका वास येतो; परंतु त्याच वेळी वायरीचे कवच तेलाने फुगून उघडे पडले असेल तर अनर्थ होण्यास वेळ लागत नाही. मोटारीत बायका-मुले बसलेली असताना ‘जुनी गाडी आहे, थोडा वास यायचाच’ असे म्हणणाऱ्या गृहस्थांचे धैर्य आम्हांस कौतुकास्पद वाटत नाही.

असे असता आजच्या रीतीने यावर उपाय कोणता होतो? गाडी गॅरेजमध्ये जाते. मिस्त्री झाकणाचे नट आणखी दोन वेढे आवळतो. आठ दिवसांनी गळती पुन्हा सुरू होते. मग बाजारातले जे स्वस्त पॅकिंग हाती लागेल ते आणून, जुन्याचा चिकटा नीट न काढता, त्याच्या दोन्ही अंगांस सिलिकॉनची अर्धी नळी पिळून झाकण दाबून बसविले जाते. महिनाभर गाडी कोरडी राहते. पुढे ती पुन्हा गळू लागली की मिस्त्री मान हलवून सांगतो, ‘शेठजी, इंजिन म्हातारे झाले.’ आमच्या परिचयातील एका पेढीच्या मोटारीचा तर गिअरबॉक्स उतरवून मागील भागाची दुरुस्ती केली गेली, आणि तेल शेवटी टॅपेट कव्हरच्या मागील कोपऱ्यातून येत होते असे निघाले. पंख्याच्या वाऱ्याने व गाडीच्या गतीने तेल नेहमी मागे व खाली ढकलले जाते. म्हणून जेथे ओले दिसते तेथेच दोष आहे असे समजणे चूक होय.

आमचे स्पष्ट मत असे आहे की, ही गळती जोराने थांबत नाही आणि लेपानेही थांबत नाही. ती थांबते चार गोष्टींनी : दोषाची जागा नक्की करणे, योग्य जातीचे पॅकिंग निवडणे, बैठक सरळ व स्वच्छ करणे, आणि इंजिनाच्या श्वासाचा मार्ग मोकळा ठेवणे. यांपैकी एकही गोष्ट महाग नाही. चारही गोष्टींस वेळ मात्र लागतो, आणि वेळेचे दाम द्यावयास आपण तयार नसतो. खरा प्रश्न येथे आहे.

दोषाची जागा शोधण्याची रीत अगदी घरगुती आहे. इंजिन थंड असता रॉकेल अथवा डिझेलच्या बोळ्याने झाकणाचा सांधा व त्याखालील भाग पुसून पूर्ण कोरडा करावा. त्यावर खडूची भुकटी किंवा टाल्कम पावडर भुरभुरावी. मग इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालवून बंद करावे व विजेरीने पाहावे. भुकटीवर जेथे प्रथम काळसर रेघ उमटेल, उगम तेथे. पाहणी सदैव वरून खाली करावी, कारण तेल वर चढत नाही. बी-सिरीजच्या इंजिनात झाकणाच्या माथ्यावरील दोन नटांखाली रबरी बुश असतात. ते वाळून कडक झाले की तेल माथ्यावरून निघते आणि दोष मात्र कडेच्या पॅकिंगच्या नावे लागतो. पॅकिंगबरोबर हे बुश बदलले नाहीत तर ते काम अर्धेच झाले असे समजावे.

आता पॅकिंगच्या जातींविषयी. जुन्या गाड्यांतील मूळ पॅकिंग बहुधा कॉर्कचे असे. कॉर्क ही एका जातीच्या ओक वृक्षाची साल होय. हे वृक्ष पोर्तुगाल, स्पेन व भूमध्य सागराच्या काठी होतात, आणि सुमारे नऊ वर्षांनी एकदा त्यांची साल काढतात. जगातील निम्म्याच्या आसपास कॉर्क एकट्या पोर्तुगालात निघतो. या सालीत असंख्य बारीक हवाबंद पेशी असल्यामुळे दाबली असता ती आतल्या आत दबते, बाजूंस पसरत नाही. रबराचे वागणे याच्या उलट असते. रबराचे आकारमान दाबाने कमी होत नाही. ते एका बाजूने दबले की दुसऱ्या बाजूने फुगते. म्हणूनच पातळ पत्र्याच्या, किंचित वाकड्या, एक-दोन नटांवर बसणाऱ्या जुन्या झाकणास कॉर्क मानवतो. तो थोड्या दाबात खाचाखळगे भरून काढतो.

परंतु कॉर्कचे दोषही ध्यानी घ्यावेत. तो उष्णतेने वाळतो, कडक होतो व एकदा दबला की पूर्ववत उसळत नाही. यास्तव काढलेले पॅकिंग पुन्हा घालू नये. शिवाय तो ओलावा सोडून आकसतो. आपल्या माळव्यात वैशाखात पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. अशा चार उन्हाळ्यांत दुकानाच्या माळ्यावर टांगून राहिलेले पॅकिंग लांबीला इतके आखडते की ते झाकणाच्या खोबणीत बसत नाही. मग मिस्त्री ते ओढून ताणतो, व ते तुटते अथवा कोपऱ्यात पातळ पडते. धान्याच्या व्यापाऱ्यास ओलाव्याचे हे शास्त्र नवे नाही. १२ टक्के ओलाव्याचा गहू आणि त्याहून ओला गहू यांच्या भावात फरक का पडतो हे आपल्या गुमास्त्यासही कळते. मग पॅकिंग घेतानाच ते बोटाभोवती हलकेच वळवून पाहण्यास काय हरकत आहे? चांगला कॉर्क वळतो, वाळलेला तडकतो. थोडेसेच आकसलेले असेल तर कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवून, पाणी टिपून मग बसवावे. ते बरेचसे मूळ मापावर येते.

दुसरी जात कॉर्क व नायट्राईल रबर यांच्या मिश्रणाची. साध्या पत्र्याच्या झाकणासाठी आजमितीस आम्ही हिचीच शिफारस करू. कॉर्कचा सोशिकपणा हिच्यात आहे, आणि ठेवणीत ती वाळत नाही की लवकर ठिसूळ होत नाही. तिसरी जात निव्वळ नायट्राईल रबराची. तेलास ती उत्तम टिकते, पण १०० ते १२० अंशांच्या सततच्या उष्णतेत काही वर्षांनी काचेसारखी कडक होते. चौथी जात साच्यातील सिलिकॉन रबराची. ती २०० अंशांपर्यंत उष्णता सोसते व दिसावयास देखणी असते, म्हणून सर्वांत महाग ते सर्वांत चांगले या समजुतीने लोक ती मागतात. पण तिला सपाट, मजबूत बैठक आणि दाबास मर्यादा घालणारी रचना लागते. ओतीव ॲल्युमिनियमच्या झाकणास ती शोभते. जुन्या पातळ पत्र्याच्या झाकणाखाली ती सरकते आणि चेपून बाहेर येते. कोणती जात श्रेष्ठ असा प्रश्न विचारू नये. कोणत्या झाकणास कोणती जात योग्य, असा विचारावा. जाडीचेही तसेच आहे. मूळ जाडीपेक्षा पातळ घातल्यास रॉकर झाकणास आतून घासू लागण्याचे भय असते, आणि जाड घातल्यास नट पुरेसा धरत नाही.

बैठकीविषयी बोलावयाचे तर सर्व अनर्थाचे मूळ येथे आहे. झाकण आवळून आवळून त्याचा पत्रा नटाजवळ खोल जातो व दोन नटांमधील कड वर उचलली जाते. अशा झाकणाखाली सोन्याचे पॅकिंग घातले तरी ते गळणार. झाकण काढून जाड काचेच्या तुकड्यावर किंवा सपाट फरशीवर ठेवून पाहावे. खालून उजेड दिसला तर लाकडी ठोकळ्याचा आधार देऊन लहान हातोडीने कड सरळ करावी. जुन्या पॅकिंगचा व लेपाचा प्रत्येक कण खरवडून काढावा. मात्र तत्पूर्वी हेडवरील उघडी भोके चिंधीने झाकावीत, नाहीतर कचरा इंजिनात जाईल. शेवटी दोन्ही अंगे पेट्रोलच्या अथवा थिनरच्या फडक्याने पुसून तेलाचा अंश काढून टाकावा. हे काम चांगल्या हातास एक-दीड तासाचे आहे.

लेपाविषयी आमचे मत कदाचित काहींस रुचणार नाही. जुने मिस्त्री स्पिरिटात विरघळविलेले शेलॅक वापरीत. शेलॅक लाखेपासून होते आणि लाखेच्या व्यापाराची गणना आमच्या श्रावकाचारात पंधरा कर्मादानांत झालेली असल्याने, ते मागे पडले याचे आम्हांस दुःख नाही. परंतु त्या मिस्त्रींची रीत बरोबर होती : पॅकिंगच्या फक्त झाकणाकडील अंगास पातळ हात द्यावयाचा, ते झाकणास चिकटू द्यावयाचे, आणि हेडकडील अंग कोरडे ठेवावयाचे अथवा त्यास ग्रीसचे बोट फिरवावयाचे. पुढे टॅपेट लावण्यासाठी झाकण उघडावे लागले तर पॅकिंग न फाटता झाकणासोबत सुटून येई.

आजच्या सिलिकॉनच्या लेपातही स्वतःचा दोष काही नाही. अनेक नव्या इंजिनांत कारखानदारच तो वापरतात. तो हवेतील ओलाव्याने पिकतो. त्यावर दहा-पंधरा मिनिटांत साय धरते, पण तो पुरता पक्का होण्यास २४ तासांच्या आसपास लागतात. आपल्याकडे लेप लावून अर्ध्या तासात गाडी सुरू करतात आणि मग लेपाला नावे ठेवतात. ज्यास व्हिनेगरसारखा आंबट वास येतो त्या जातीतून पिकताना ॲसेटिक आम्ल सुटते व ते काही धातूंस खाते. इंजिनासाठी तेलास टिकणारी, आम्ल न सोडणारी जात घ्यावी. रबराच्या पॅकिंगवर हा लेप सरसकट लावणे तर सर्वथा वर्ज्य, कारण ओला लेप वंगणासारखा निसरडा असतो आणि आवळताच पॅकिंग जागचे घसरते. जेथे दोन सांधे मिळतात तो कोपरा, किंवा ओव्हरहेड कॅमच्या कित्येक इंजिनांत टोकास जो अर्धचंद्राकार रबरी गट्टू असतो त्याच्या दोन कडा, एवढ्याच जागी मुगाच्या दाण्याएवढा ठिपका पुरे.

याहून अधिक लेपाचे काय होते ते सांगतो. जेवढा लेप बाहेर येऊन दिसतो, साधारण तेवढाच आतही गेलेला असतो. आतल्या दोऱ्या पुढे सुटून तेलाबरोबर खाली वाहतात. काही तेल परतीच्या भोकांत अडकतात. मग झाकणाखाली तेलाचे तळे साचते व गळती वाढते. काही तळाशी ऑईल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी चोंदली की पंपास तेल मिळत नाही आणि बेअरिंगे उपाशी राहतात. दोन रुपयांचे थिगळ लावताना दोन हजारांचे वस्त्र फाडण्याचाच हा प्रकार होय.

नट किती आवळावा? बी-सिरीज कुळातील इंजिनांच्या पुस्तिकेत या झाकणाच्या नटास सुमारे ४ पौंड-फूट एवढाच जोर सांगितला आहे. याचा अर्थ असा की, एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकास आपल्या तराजूवरील दोन किलोचे वजन टांगले तर तेवढेही जास्तच होईल. हेडच्या नटांस याच्या दसपटीने जोर लागतो. तोच हात येथे चालविला की झाकण वाकले म्हणून समजा. दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, इंजिन एकदा गरम होऊन थंड झाल्यावर पुन्हा एकदा हलकेच पाहावेत, आणि मग त्यांस हात लावू नये.

शेवटची गोष्ट श्वासाची. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळालेला वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतो. त्यास बाहेर पडण्यासाठी ब्रीदरची नळी व तेल भरण्याच्या टोपीतील जाळी असते. ही वाट काजळीने बुजली तर आतील दाब वाढतो आणि तेलास जो सांधा दुबळा सापडेल तेथून बाहेर ढकलतो. एका जागचे पॅकिंग बदलताच दुसऱ्या जागी गळती सुरू होते, तिचे कारण पुष्कळदा हेच. इंजिन मंद चालू ठेवून टोपी काढून पाहावी. भक्भक् धूर जोराने येत असेल तर प्रथम नळी व जाळी धुवावी. एवढे करूनही जोर कमी न झाल्यास रिंगांचा विचार करावा. तो दोष पॅकिंगने बुजविण्याचा प्रयत्न करू नये.

काही मित्र म्हणतात, एवढा खटाटोप कशासाठी? ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले, मारुती ८०० चेही त्याच वर्षी. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. जुने काढावे, नवे घ्यावे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. ज्या गाडीचा सांगाडा गंजला, जिचा धूर मर्यादेबाहेर गेला, ती मोडीत काढणे हेच नागरिकाचे कर्तव्य होय. परंतु जी गाडी फिटनेसच्या तपासणीत उतरते आणि जिचा अपराध एवढाच की तिच्या माथ्यावर वाळलेली पट्टी आहे, तिला भंगारात घालणे म्हणजे टाचणी हरवली म्हणून वही फाडण्यासारखे आहे. सरकारनेही २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांस व्हिंटेज म्हणून वेगळ्या नोंदणीची सोय केली आहे. अशा गाड्यांस मान हवा असेल तर त्यांनी रस्ता घाण करता कामा नये.

आणि इंदुरात तर ही जबाबदारी दुप्पट आहे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात आपले शहर सलग सात वेळा देशात पहिले आले. पहाटे रस्ते झाडणाऱ्या हातांनी हा मान मिळविला. त्या रस्त्यावर आपल्या मोटारीने तेलाचे काळे डाग टाकावेत, पावसाळ्यात ते वाहून नाल्यात जावेत, आणि आपण मात्र जुन्या गाडीचा अभिमान मिरवावा, हे व्यापारी समाजास शोभत नाही. गळकी जुनी गाडी स्वतः तर बदनाम होतेच, पण शेजारच्या निर्दोष जुन्या गाडीचीही वाट बंद करते.

म्हणून सभासद बंधूंपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली, जे बंधू मोटारीच्या सुट्या भागांचा व्यापार करतात त्यांनी पॅकिंगच्या पाकिटावर जात आणि माल आल्याचा महिना लिहावा, व वाळलेला कॉर्क ताजा म्हणून विकू नये. आपण जुना हरभरा नव्याच्या भावात विकत नाही. मग येथे वेगळा न्याय कशाला? दुसरी सूचना मालकांस. मिस्त्रीस केवळ ‘पॅकिंग बदलण्याचे’ दाम न देता बैठक साफ व सरळ करण्याच्या वेळेचेही दाम आनंदाने द्यावे. जो मालक पंचवीस मिनिटांत गाडी मागतो त्यास पंचवीस मिनिटांचेच काम मिळते. आपण घाई केली म्हणून मिस्त्रीने नळी हाती धरली, हे कबूल केले पाहिजे. आज जे मुलगे गॅरेजमध्ये शिकत आहेत त्यांनी काचेवर झाकण ठेवून पाहणारा मिस्त्री पाहिलाच नाही तर दहा वर्षांनी ही विद्या पैसे देऊनही मिळणार नाही. तिसरी सूचना अशी की, प्रत्येक जुन्या गाडीत एक लहान वही असावी. पॅकिंग कोणत्या जातीचे, केव्हा घातले, तेल किती घातले, याची तीत नोंद व्हावी. रोजमेळ लिहिणाऱ्यास हे ओझे वाटू नये.

आमच्या पेढीच्या मोटारीची अशी वही आजही गल्ल्याच्या खणात आहे. ज्या सभासदांस आपल्या गाडीसाठी तशी वही घालावयाची असेल त्यांनी छावणीच्या मंडीत आमच्या पेढीवर अवश्य यावे. नमुना दाखविण्यास आम्हांस संतोष वाटेल.